भोंग्याआधी की नंतर

"आधी मुठीवरचा हात काढा, भाऊजी, आणि मग खिशातलं दाखवा," जाऊबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या.

सकाळचे आठ वाजले असतील. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, अजून खाली उतरले नव्हते. विहिरीच्या काठावर उकिडवे बसून कुदळीच्या दांड्याला ओलं फडकं गुंडाळत होते. आम्ही चौघंच विहिरी खणायचो. दादा खाली खणायचे, हे आणि मी रहाटाच्या दोन मुठींवर, आणि वर आलेली बादली ओतायला जाऊबाई. बारा वर्षं असंच चाललं होतं.

"काही नाही खिशात, वहिनी. रुमाल आहे."

"रुमालावर शिक्का कधीपासून मारायला लागले?"

हे हसले. हसले की ह्यांचा वरचा ओठ एका बाजूला चढतो. लग्न झालं तेव्हा मला ते फार आवडायचं. जाऊबाईंनी हात पुढे केला आणि ह्यांच्या सदऱ्याच्या खिशातून निळी चिठ्ठी सरळ ओढून काढली. मला वाचायला येतं, म्हणून माझ्या हातात दिली. वर दुकानाचा शिक्का, खाली ह्यांची सही, आणि मधे लिहिलेलं: *विहीर. शनिवार. भोंग्यानंतर.*

"ह्याच विहिरीवर लावलंस?" दादा मान वर न करता म्हणाले.

"सगळ्या गावानं लावलंय, दादा. मी लावलं तर काय पाप झालं? परवान्याचं दुकान आहे."

"गाव काठावर उभं राहतं. तू मुठीवर उभा राहतोस."

दादा एवढंच बोलले. त्यांनी कमरेला दोर बांधला, गाठ ओढून बघितली, आणि बादलीत पाय ठेवला. आम्ही दोघांनी मुठी धरल्या. रागातसुद्धा त्यांना कधी वाटलं नसेल की धाकटा भाऊ आपला दोर नीट सोडणार नाही. आमच्या धंद्यात तसं वाटून चालतच नाही.

आमच्या गावात खेळाचं, म्हणजे पैजेवर पैसे लावायचं, दुकान येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. चोरीछुपीचा धंदा नव्हे. परवाना काचेच्या चौकटीत भिंतीवर, वर दिवसासुद्धा दिवा. मालकाला सगळे परवानेवाला म्हणायचे. दुकान उघडलं त्या दिवशी शाळेच्या मास्तरांनी भाषण केलं होतं, की आजवर कोपऱ्याकोपऱ्यात चालत होतं ते उजेडात आलं, आता त्याच्या करातून शाळेवर पत्रे चढतील. पत्रे चढले, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या वर्षी बेकरीची भट्टी दिवसाआड पेटायला लागली. सायकलवाल्याच्या दुकानात सायकली संपल्या, भिंतीवर नुसते हूक उरले. आणि घराघरांत आधी बोलाचाली झाल्या, मग हाणामाऱ्या. बेकरीवालीचा पुढचा दात कसा पडला ते कुणी तिला विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांच्या घरातही तेच होतं.

आधी आकड्यांवर लावायचे. मग पावसावर. मग कुणाच्या गाईला कालवड होते की गोऱ्हा, त्यावर. आणि पंचायतीनं गावाची विहीर आम्हाला खणायला दिली, तेव्हा परवानेवाल्यानं विहिरीची वही काढली. दुपारी बाराला गिरणीचा भोंगा होतो, त्याआधी पाणी लागणार की नंतर. पाणी लागलं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. ओली माती बादलीतून काठावर आली पाहिजे, दुकानाचा घड्याळवाला ती मुठीत पिळणार, पाण्याचा थेंब पडला की घड्याळ बघून लिहिणार. खालून आरोळी आली तर ती धरायची नाही.

रोज ती वही नव्यानं उघडायची आणि रोज गाव काठाशी जमायचं. पूर्वी विहीर खणताना लोक यायचे, तेव्हा कुणी दोराला हात लावायचं, कुणी दगड उचलायचं. आता चिठ्ठ्या हातात धरून नुसते उभे राहायचे, आणि बादली वर आली की माना पुढे यायच्या.

त्या शनिवारी सकाळी दादा सहज म्हणाले होते, "माती अजून कोरडीच लागतेय. आज लागलंच तर संध्याकाळी." हे ऐकून आमचे हे न्याहारी टाकून उठले होते. कशासाठी, ते निळी चिठ्ठी वाचली तेव्हा मला कळलं.

आमच्या कामात बोलायची सोय नसते. खाली छत्तीस हातांवर कुदळीचा आवाज, वर रहाटाची करकर. म्हणून सगळं दोरावर. एक हिसका दिला की बादली वर घ्या. दोन दिले की थांबा. तीन म्हणजे माणूस वर घ्या, बाकी सगळं सोडून. वरच्यानं तेवढेच हिसके परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की ऐकलं.

पावणेबाराला बादली वर आली ती जड होती. जाऊबाईंनी ओतली आणि तळहात मातीत दाबला.

"दमट आहे," त्या हळूच मला म्हणाल्या.

घड्याळवाला वाकला, मूठभर माती घेऊन पिळली. थेंब नाही. "कोरडी," तो म्हणाला. अर्धी गर्दी ओरडली, अर्धीनं श्वास सोडला.

बादली परत खाली गेली. दहा मिनिटं गेली असतील, आणि खालून दादांचा आवाज आला. घागरीत बोलल्यासारखा, लांब. "पाणी!"

सायकलवाला उडालाच. "पाणी म्हणाला! ओढा! ए, ओढा बादली!"

"कुणी ऐकलं?" बेकरीवाला त्याच्या अंगावर गेला. "पाणी द्या म्हणाला असेल. तहान लागते माणसाला."

"आरोळीवर काही नाही," घड्याळवाला म्हणाला. "बादली येऊ द्या."

दोर हलला. एक हिसका. मी मुठीवर जोर लावला, मूठ हलली नाही. बघते तर ह्यांनी खिट्टी बसवलेली. खिट्टी म्हणजे दाताळ्या चाकात घालायचा लोखंडी खुंटा, तो बसला की रहाट ना इकडे ना तिकडे.

"अहो, बादली म्हणतायत."

"अडकलंय काहीतरी. थांब जरा."

"काय अडकलंय? काढा खिट्टी."

"थांब म्हटलं ना! पाचच मिनिटं." ह्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते पुसत नव्हते.

मग दोर पुन्हा हलला. एक. दोन. तीन.

मी मोजले. जाऊबाईंनीही मोजले, कारण त्यांच्या हातातलं फावडं खाली पडलं. पूर्वेच्या अंगाला पिवळी माती होती. ती कोरडी असेपर्यंत भिंतीसारखी उभी राहते, आणि खालून पाणी लागलं की फुगते. हे आमच्यात कुणालाही सांगायची गरज नव्हती.

"तीन आहेत," मी म्हणाले.

"एकच होता."

"देवाची शपथ घेऊन सांगते, तीन आहेत. तुमचा भाऊ आहे खाली."

"एकच होता!" हे ओरडले आणि दोन्ही हातांनी खिट्टी दाबून धरली.

तोवर माणसं रहाटावर आली होती. भोंग्याआधीवाले खिट्टी उपसायला आणि भोंग्यानंतरवाले त्यांना ओढायला. सायकलवाल्यानं ह्यांच्या मानेवर ठोसा घातला. बेकरीवाल्यानं मागून सायकलवाल्याचे केस धरले आणि त्याचं तोंड रहाटाच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. मास्तर मधे पडले. सोडवायला पडले असं वाटलं मला, पण त्यांच्याही हातात निळी चिठ्ठी होती आणि ते बेकरीवाल्याच्या बाजूनं लाथा घालत होते. कुणाचा तरी कान दातात धरलेला मी पाहिला. रोज भेटणारी, एकमेकांच्या घरी जन्माला-मरणाला जाणारी माणसं. काठावरचे दगड त्यांच्या पायांनी सुटून आत पडत होते आणि ते कुणावर पडतायत हे त्यातल्या एकालाही दिसत नव्हतं.

दोर पुन्हा तीन वेळा हलला. या वेळी फार हळू.

मी सकाळ-संध्याकाळ नेमानं हात जोडणारी बाई. मुंगी पायाखाली आली तरी मला चुकल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी पहार उचलली आणि ह्यांच्या हातांवर घातली. पहिला घाव खिट्टीवर बसला, ठिणगी उडाली. दुसरा बोटांवर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी अजून विसरले नाही, आणि विसरावा असंही मला वाटत नाही.

खिट्टी निघाली. मोकळी झालेली मूठ गर्रकन उलटी फिरली आणि रक्ताळलेल्या तोंडानं उठू बघणाऱ्या सायकलवाल्याच्या जबड्यावर बसली. तो आडवा झाला. समोरची मूठ जाऊबाईंनी धरली, ही मी धरली.

"ओढ, धाकटे!"

आम्ही ओढलं. चार फेरे झाले असतील, पाच असतील, आणि खाली विहीर खोकल्यासारखा आवाज झाला. पूर्वेचा कडा बसला होता. धूळ वर आली, गार, ओल्या मातीच्या वासाची. दोर ताठ झाला आणि मूठ थांबली.

"अडकले," जाऊबाई म्हणाल्या.

"ओढायचं?"

"ओढ. तुटेल ते तुटेल. ओढ."

आणि भोंगा झाला. मला तो शेवटपर्यंत ऐकू आला नाही. खालून दादांची किंकाळी आली होती. त्यांचा पाय दगडांत होता आणि आम्ही दोघी त्यांना त्यातून उपटत होतो. जाऊबाईंच्या तळहातांची सालं मुठीला चिकटली होती. त्या ओढत होत्या आणि मोठ्यानं रडत होत्या आणि ओढत होत्या.

दादा काठावर आले तेव्हा कमरेखाली सगळं चिखल आणि रक्त. उजवा पाय गुडघ्याखाली होता, पण नुसता लोंबत होता. आम्ही त्यांना जमिनीवर घेतलं. मी माझ्या डोक्याचं फडकं मांडीला करकचून बांधायला लागले, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. घड्याळवाल्याचा. त्यानं दादांच्या सदऱ्याची बाही धरली आणि पिळली.

पाणी गळलं.

"बारा वाजून चार मिनिटं," तो म्हणाला आणि लिहून घेतलं.

डॉक्टरांनी त्याच दुपारी पाय कापला आणि तिथेच थोडं बाजूला नेऊन आम्हाला सांगितलं, ताप उतरला तर वाचतील, नाहीतर नाही. रविवारी सकाळी दादांना घरी आणून समोरच्या खोलीत निजवलं. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे. आमचे हे मागच्या ओसरीत बसून होते, हाताला फळ्या बांधून. त्यांना मी जेवण दिलं, बोलले नाही.

रविवारी माणसं यायला लागली. मला बरं वाटलं. लाजली असतील, म्हटलं. बेकरीवाली ताजा पाव घेऊन आली, दारातूनच विचारलं, "कसं आहे गं?"

"ताप आहे."

"किती?"

मी आकडा सांगितला. ती पुटपुटली, मान हलवून गेली. तासाभरानं परत आली. "आता किती?" मग मास्तर आले. ते आत येऊन खाटेजवळ उभे राहिले, दादांचा श्वास ऐकत. "शुद्धीवर येतात का मधूनमधून?" जाऊबाई म्हणाल्या, येतात. मास्तरांचा चेहरा पडला. मला ते दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. जबडा बांधलेला सायकलवालासुद्धा आला. बोलता येत नव्हतं, बोटांनीच विचारलं.

सोमवारी सकाळी बेकरीवाली पाचव्यांदा आली आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत काढतील असं वाटतं का?"

जाऊबाई दादांच्या कपाळावरची पट्टी पिळत होत्या. त्यांचे हात थांबले. "संध्याकाळचं काय आहे?"

"नाही, सहज."

"कोणत्या बाजूला लावलंस?"

बेकरीवाली उठायला गेली. जाऊबाईंनी तिची वेणी धरली, सोललेल्या हातानं, आणि तिला भिंतीपाशी दाबून धरलं. "माझ्या नवऱ्यावर कोणत्या बाजूला लावलंस, बोल! तुझ्या बाळंतपणात मी तुझ्या उशाशी सात दिवस बसले. बोल!"

"सगळ्यांनीच लावलंय गं," ती रडत म्हणाली. "घरात पीठ नाही माझ्या. सगळे म्हणाले, नक्की आहे, नक्की आहे..."

मी धावत दुकानापर्यंत गेले. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: *विहीरवाला. सोमवार, सूर्यास्त.* परवान्यात 'गावातील घडामोडी' असं कलम होतं म्हणे. माणसाचं मरण ही घडामोडच.

मी परत आले तर घरात वेगळंच चाललेलं. आमचे हे जाऊबाईंच्या पाया पडत होते.

"वहिनी, मला मारा, पण ऐका तरी! सगळं गाव मरणावर आहे. मी एकटा जगण्यावर आहे. शनिवारचे मिळाले ते सगळेच्या सगळे दादाच्या जगण्यावर लावलेत! अजून काय करू मी?"

खरं सांगते, ह्यांच्या तोंडावर अभिमान होता. ह्यांना वाटत होतं, यापेक्षा मोठी माया माणूस दाखवू शकत नाही.

जाऊबाईंनी कपडे बडवायचं धोपटणं घेतलं आणि ह्यांना मारलं. पाठीवर, खांद्यावर, फळ्या बांधलेल्या हातावर. हे ओरडत होते, पण हलले नाहीत. मी थांबवलं नाही.

"पुरे," खाटेवरून आवाज आला.

दादांचे डोळे उघडे होते. "मास्तर कोणत्या बाजूला आहेत?"

"मरणाच्या," हे हुंदके देत म्हणाले.

"बेकरीवाला?"

"मरणाच्या."

"सायकलवाला तर बोलू शकत नाही."

"खुणेनं लावलं त्यानं."

दादा हसायला लागले. हसताना कळ आली, तरी हसत राहिले. "म्हणजे मी मेलो तर गावाचं भलंच होतंय. बरं केलंत सांगितलंत. आता संध्याकाळपर्यंत मला झोपू देऊ नका. पाणी तोंडावर मारा, चिमटे काढा, काहीही करा."

आम्ही तेच केलं. दुपारी ताप चढला, दादांचे डोळे फिरायला लागले. जाऊबाई त्यांच्या कानात शिव्या देत होत्या, मी पायाशी बसून मनात नाव घेत होते. चारच्या सुमाराला बाहेर माणसं जमली. आधी गप्प होती. ऊन पिवळं पडायला लागलं तसे पत्र्यावर दगड यायला लागले. कुणी डबे बडवत होतं, आजाऱ्याला चैन पडू नये म्हणून. एक दगड खिडकीतून येऊन माझ्या भुवईवर बसला. आमचे हे उठले आणि मोडका हात घेऊन खिडकीत उभे राहिले, अंगानं खिडकी झाकून. भावासाठी की चिठ्ठीसाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

जाऊबाई पहार घेऊन दार उघडून उंबऱ्यावर गेल्या. "या," त्या म्हणाल्या. "ज्याची घाई असेल त्यानं पुढे या. एकाला तर नेतेच मी आज."

कुणी पुढे आलं नाही. दगडही थांबले.

सूर्य गेला. घड्याळवाला गर्दीतून आत आला, दादांच्या नाकाशी तळहात धरला, थोडा वेळ तसाच उभा राहिला. दादांनी त्याच्या हातावर फूं करून फुंकर मारली.

"जिवंत," त्यानं लिहिलं.

बाहेर बायका छाती बडवून रडल्या. गावात कुणी मेल्यावरसुद्धा एवढं रडणं मी ऐकलं नव्हतं.

आमचे हे दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. परवानेवाल्यानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि नियमांची चोपडी उघडून अकरावं कलम दाखवलं. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची चिठ्ठी बाद. शनिवारी रहाटाची मूठ ज्याच्या हातात त्याची चिठ्ठी चालली होती, कारण मुठीबद्दल कलम नव्हतं. जगण्यावर दुसरं कुणीच नव्हतं, तेव्हा सगळं गाव हरलं आणि सगळं दुकानात राहिलं. पुढे वरून साहेब चौकशीला आले. परवाना पाहिला, वही पाहिली, सगळं कायद्यात बसलेलं निघालं. गुन्हा नोंदला तो माझ्यावर, पहार मारल्याचा. त्याच्या तारखा अजून चालू आहेत.

दोन महिन्यांनी पंचायतीचा माणूस दारात आला. विहीर अर्धवट आहे, पुरी करा नाहीतर काम दुसऱ्याला देतो. दादा कुबडी घेऊन काठावर जाऊन बसले. पूर्वेला फळ्यांचा आधार कसा द्यायचा ते त्यांनी सांगितलं, आम्ही तिघांनी दिला.

"उतरा, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या.

ह्यांची बोटं वाकडीच जुळली होती. कुदळ धरता येत होती, मूठ धरता येत नव्हती. ह्यांनी विहिरीत पाहिलं. "वर कोण?"

"मी."

"आणि?"

जाऊबाईंनी माझ्याकडे मान केली. हे माझ्याकडे बघत राहिले. मी मूठ धरली.

आम्ही ह्यांना खाली सोडलं. बादली तळाला टेकली असेल नसेल, तोच खालून ओरडा सुरू झाला. "वर घ्या! वर घ्या! वहिनी, वर घ्या!"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला माहीत नाही.

मग जाऊबाईंनी जोर लावला आणि मीही लावला. हे वर आले ते पांढरेफटक, गुडघ्यांवर पडले, काठाची माती मुठीत धरून धापा टाकत राहिले.

"काय झालं? माती सुटली?" दादांनी विचारलं.

"नाही."

"पाणी?"

"नाही. काही नाही. मी नुसतं बघत होतो."

"काय बघत होतात?" जाऊबाई म्हणाल्या.

"वर काढता का ते."

जाऊबाईंनी तांब्या पुढे केला. हे पाणी प्यायले, अर्धं सदऱ्यावर सांडलं. जाऊबाईंनी तांब्या परत घेतला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आता उतरा."